मागची चूल

"माहे दोन पोरं हाय, पण चूल एक हाय," हे आई भेटेल त्याला सांगायची. दुकानात साखर न्यायला आलेल्या बाईला सांगायची, देवळीच्या बाजाराला जाताना गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी म्हातारीलाही सांगायची. ऐकणाऱ्याला त्यात विशेष काही वाटायचं नाही. मला मात्र या फुशारकीचं कारण माहीत होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा या घरात सगळे दीर एका चुलीवर जेवत होते, आणि आजोबांची तेरवी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी भांडी वाटून घेतली. पितळी गंगाळ कुणाचं, यावरून दोन काका ओट्यावर एकमेकांच्या अंगावर धावून गेले आणि गाव उभं राहून पाहत होतं. पुढे बाबा गेले तेव्हा आईने आम्हा दोघा भावांना समोर बसवलं आणि म्हणाली, "मी हाय तोवर अन् मी गेल्यावरही, या घरात दुसरी चूल मांडाची नाई."

आमच्याकडे लग्नाचं किंवा तेरवीचं जेवण असलं की आवतन सांगायला माणूस फिरतो. गावात हे काम एका म्हाताऱ्याकडे आहे, त्याच्या बापापासून चालत आलेलं. तो घरं मोजत नाही, चुली मोजतो. भाऊ वेगळे झालेले असले की त्याला पुढच्या दारात एकदा आणि मागच्या दारात एकदा सांगावं लागतं. "चूलबंद हो!" असं तो म्हणाला, की त्या चुलीवरच्या सगळ्यांनी जेवायला यायचं आणि त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही. आमच्या दारात तो एकदाच थांबायचा. तो पुढे गेला की आई पदर सावरत बाहेर यायची आणि शेजाऱ्यांकडे त्याला किती दारं करावी लागतात ते पाहायची. एवढा एकच गर्व तिला होता आणि तो ती लपवत नसे.

मी धाकटा. माझे दोन्ही पाय लहानपणी तापात गेले. सरकारी कागदावर मी आता दिव्यांग आहे, गावात लंगडाच आहे, आणि खरं सांगायचं तर मला दुसऱ्या शब्दाचा राग कमी येतो, कारण त्यात कुणी माझ्यावर उपकार करत नाही. आमचं किराण्याचं दुकान आहे, घराच्या पुढच्या खोलीतच. भाऊ वर्ध्याहून माल आणतो, मी गल्ल्यावर बसतो. बसण्याचं काम मला उत्तम जमतं. हातांवर जोर देऊन सरकत सरकत आयुष्य काढलं, त्यात पन्नाशीच्या आत दोन्ही खांदे निकामी झाले. मग सकाळी पलंगावरून उतरायला आणि आंघोळीला माणूस लागायला लागला. ते आई करायची. केस पिकलेल्या लेकाला म्हातारी माय आंघोळ घालते, याची लाज मला काही दिवस वाटली, नंतर वाटेनाशी झाली. तिला तर कधीच वाटली नाही. "लहानपणी धड घालू कुठी देल्ली तू आंघोळ," म्हणायची आणि पाठ खसाखसा घासायची.

मग आई पडली. अंगाची डावी बाजू गेली, जीभ तेवढी शाबूत राहिली. आता एका घरात उचलून ठेवायची दोन माणसं झाली. वहिनीचे गुडघे आधीच कामातून गेलेले, भाऊ पहाटेपासून दुकानात. वहिनी आईला उचलायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. तोंडातून शब्द काढायची नाही, पण तिचा श्वास मला माझ्या पलंगावर ऐकू यायचा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, तसा मी त्या घरात पडून होतो.

अशात आमच्या ग्रामपंचायतीने एक चांगलं काम केलं. पंचायतीकडून चांगलं काम झालं हे लिहितानाही हात अडखळतो, पण झालं खरं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या आणि अपंगांच्या घरी जाऊन आंघोळ, कपडे, कूस बदलणं, एवढं करायला गावातल्याच दोन बायका नेमल्या. आमच्याकडे येणारी बाई मोठ्या आवाजाची, दारातूनच ओरडत यायची, "आजी, उठल्या का? आज केस धुवाचे हाय!" आईने पहिले काही दिवस भिंतीकडे तोंड केलं. परक्या बाईने अंगाला हात लावायचा म्हणजे काय! पण नंतर नंतर तीच सकाळपासून कान देऊन पडायची आणि मला विचारायची, "आली नाई का रे ते अजून?" मला ती बाई भावाला हाताशी घेऊन उतरवायची, पाणी काढून द्यायची, आणि मग वहिनीशी गप्पा मारत चहा प्यायची. वहिनी पुन्हा हसायला लागली होती. मी घरातलं ओझं नाही असं मला त्या वर्षी पहिल्यांदा वाटलं. मी सुखी होतो, हे मी तेव्हाच मनाशी म्हटलं होतं.

पुढे त्या बायांचं मानधन थकलं. वरून येणारा निधी आला नाही, कुणी म्हणे आला आणि नालीत गेला, म्हणजे नालीच्या बांधकामात. मग पंचायतीत ठराव आला की ज्यांच्या घरी सेवा जाते त्यांनी दरमहा पैसे भरावेत, माणसागणिक. गावात दोन तट पडले. चहाच्या टपरीवर, पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता. ज्यांच्या घरी म्हातारं माणूसच नाही, त्यांना तर या विषयावर फारच बोलायचं होतं.

ग्रामसभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. भावाने माझी तीनचाकी ढकलत आणून दाराशी लावली. आत जायला पायऱ्या होत्या, म्हणून मी दारातूनच ऐकलं. ज्यांच्याबद्दल सभा होती त्यांच्यापैकी तिथे मी एकटा होतो. बाकीचे सगळे अंथरुणावर होते आणि त्यांच्या वतीने त्यांची मुलं आली होती.

उपसरपंच उभा राहिला. "पैसे झाडाले लागत नाई. ज्यायचे पोरं कमावून राह्यले त्यायनं भरावं, काय चुकलं?"

विरोधी गटाचा एक सदस्य, खतांच्या दुकानाचा मालक, तावातावाने उठला. "मायबापाच्या आंघोळीचे पैसे घेता का तुमी? उद्या मयतीच्या चार खांद्यायचेही पैसे लावजा!" टाळ्या पडल्या. त्याच्या स्वतःच्या म्हाताऱ्या वडिलांना शेतातल्या कोठ्यात, बैलांशेजारी ठेवलेलं होतं आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना ते ठाऊक होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बराच वेळ रणकंदन झालं. शेवटी कुणीतरी तोडगा काढला, आणि तोडगा असा सोपा होता की दोन्ही बाजू खूश झाल्या. जे म्हातारं किंवा अपंग माणूस आपल्या वेगळ्या चुलीवर राहतं, ज्या चुलीवर कमावणारं कुणी नाही, त्याला सेवा फुकट. जे कमावत्याच्या चुलीवर जेवतं, त्याचे पैसे लागतील. चूल वेगळी आहे का, ते कमिटी घरी येऊन पाहील.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दारातून आवाज दिला, "मले एक सांगा. जो मायबापाले आपल्या ताटात घेऊन बसते त्याले दंड, अन् जो काढून देते त्याले माफी. असाच अर्थ झाला ना?"

सगळी खोली वळून माझ्याकडे बघायला लागली. मग हशा पिकला. "वा रे वकीलसायेब!" असं कुणीतरी म्हणालं. उपसरपंचही हसला. "भाऊ, तुमचं बोलणं बराबर हाय, पण कुठंतरी रेघ माराच लागते." ठराव हात वर करून पास झाला. भाऊ माझ्याच बाजूच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने हात वर केला की नाही, ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

दोन-तीन दिवसांनी एका दुपारी गिऱ्हाईक नसताना भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. वजनं उगाच इकडची तिकडे करत राहिला.

"मागच्या खोलीत तुही अन् मायची खाट टाकू का?" तो म्हणाला. "दाखवापुरतं. कमिटी येऊन जाऊ दे. एक शेगडी ठेवून देऊ, दोन भांडे ठेवू. जेवण तं इकडूनच येईन."

"मायले काय सांगशीन?"

"तेच सांगू. दाखवापुरतं हाय म्हून."

मी चिडलो होतो. ज्या गोष्टीवर मी साऱ्या गावासमोर तोंड उघडलं, तीच हा माझ्याच घरात करायला निघाला होता. पण समोर बसलेला भाऊ काही हावरट माणूस नव्हता. गावाबाहेर रस्त्यावर मोठी दुकानं झाली होती, आमच्या दुकानात उधारीवाले तेवढे उरले होते, आणि भरायचं होतं ते दोन माणसांचं. तो माझ्या डोळ्यात बघत नव्हता. आणि ज्याला सकाळी उठायला दुसऱ्याचा खांदा लागतो, त्याला नाही म्हणण्याआधी पुष्कळ विचार करावा लागतो. मी म्हटलं, "दाखवापुरतं असंल तं कर."

मागची खोली म्हणजे मालाची खोली. परसात उघडणारं एक दार, एक खिडकी, भिंतींना गुळाचा आणि मिरचीचा वास. तिथली पोती आमच्या खोलीत आली आणि आमच्या खाटा तिकडे गेल्या. भावाने एका चुलीची गॅसची शेगडी आणली, लहान सिलिंडर आणलं, वहिनीने चार भांडी मांडली. आईला उचलून आणून खाटेवर ठेवलं. भावाने तिला सगळं समजावलं, पैशाचं सांगितलं, कमिटीचं सांगितलं, दाखवापुरतं हा शब्द चार वेळा वापरला. तिने मान हलवली. तिची नजर शेगडीवरून हलत नव्हती.

वहिनी पातेल्यात तांदूळ धुऊन घेऊन आली, म्हणजे कमिटीच्या लोकांना भात शिजताना दिसावा.

"थांब," आई म्हणाली. "नवी चूल कोरडी नाई पेटवत. पहिले दूध आण."

आमच्याकडे नवं घर घेतलं, नवी चूल मांडली, की पहिल्यांदा तिच्यावर दूध तापवतात आणि उतू जाऊ देतात. त्याशिवाय त्या चुलीवर अन्न शिजवत नाहीत. भाऊ हसला, "अवं माय, खोटी खोटी चूल हाय थे!"

"दूध आण म्हणते नं मी."

वहिनीने दूध आणलं. आईने तिच्याकडून शेगडीला हळद-कुंकू लावून घेतलं. दूध वर आलं, पातेल्याच्या काठावरून खाली गेलं, शेगडीवर चर्रर्र आवाज झाला आणि करपल्याचा वास खोलीभर पसरला. भाऊ आणि वहिनी अजून हसत होते, म्हातारीची गंमत म्हणून. आईने आपला चालणारा उजवा हात कपाळाला लावून चुलीला नमस्कार केला. तिचा चेहरा मला जवळून दिसत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

कमिटी आली. उपसरपंच, ग्रामसेवक आणि एक सदस्य. सदस्याने पातेल्यावरचं झाकण उचलून पाहिलं, जणू काही लग्नाचा स्वयंपाक चाखायचा होता. ग्रामसेवकाने आईला विचारलं, "आजी, तुमची चूल वेगळी आहे का?"

"हो बाप्पा," आई म्हणाली. "माहे पोरं वेगळे झाले."

ते लोक गेल्यावर भाऊ परसात जोरात हसला. "बुढीनं काय काम केलं! सिनेमातल्या बायायले जमणार नाई!" तो खरंच खूश होता. वहिनी आमचं ताट घेऊन आली, वरण-भात, वांग्याची भाजी, आईच्या आवडीचा ठेचा. आईने उजव्या हाताने ताट बाजूला सारलं.

"तुह्या चुलीवरचं हाय थे. माह्या चुलीवर भात शिजला, मी तोच खाईन."

आम्ही सगळ्यांनी समजावलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, आठवडाभर. भाऊ चिडला, ओरडला, मग पाया पडला. वहिनी दाराला धरून रडली, "माय, म्या काय केलं वं? माहं काय चुकलं?"

"तुहं काई नाई चुकलं," आई शांतपणे म्हणाली. "पण वेगळ्या चुलीवरचं आवतनाशिवाय खात नसते. दूध उतू गेलं नं बाई आता."

हट्टाला औषध नसतं असं लोक म्हणतात, पण मला तो हट्ट वाटला नाही. तिच्या लेखी जे झालं ते खरंच झालं होतं. चूल ही काही दाखवायची वस्तू नाही. आम्ही तिच्यासमोर तिच्या उभ्या आयुष्याची गोष्ट खोटी खोटी मोडून दाखवली, आणि ती म्हणत होती की मोडली ना, मग आता मोडली.

म्हणून मी स्वयंपाकाला लागलो. शेगडी जमिनीवर ठेवून घेतली. सेवा करणारी बाई सकाळी मला आंघोळ घालून शेगडीजवळ बसवून द्यायची, डबे हाताशी ठेवायची. आई खाटेवरून हुकूम सोडायची, "कांदा बारीक चिर. मीठ घातलं का? वरण लागून राह्यलं, हलव!" भात चिकट व्हायचा, कधी करपायचा. ती तो तसाच खायची आणि म्हणायची, "बापापेक्षा बरा करतं." कधीकधी आम्ही हसायचोही. एका खोलीत, एका चुलीवर, आम्ही दोघं. भाऊ सकाळी दार ढकलून आत डोकवायचा आणि मग दुकानात जायचा. माझं गल्ल्यावर बसणं कमी झालं. मागून पुढे जायला परस ओलांडून वळसा पडत होता.

वहिनी मात्र हुशार. पोळ्याच्या दिवशी ती पुढच्या दारातून निघून घराला वळसा घालून आमच्या दारात आली, डोक्यावर पदर, हातात आवतनाच्या अक्षता. आईसमोर अक्षता ठेवल्या आणि म्हणाली, "माय, आज आमच्या इथी पुरणपोळी हाय. तुमाले चूलबंद आवतन हाय." आईने अक्षता उजव्या हातात घेतल्या आणि म्हणाली, "येतो बाई." त्या दिवशी आम्हा दोघांना उचलून पुढच्या घरात नेलं. आई पोटभर जेवली. सगळ्यांचे डोळे भरलेले होते. नंतर दर सणाला वहिनी अशीच यायची. बाहेरच्या माणसाला तो सासू-सुनेचा खेळ वाटला असता. सासूच्या पोटात आपल्या हातचे चार घास जावेत म्हणून ती बाई आपल्याच घराला वळसा घालत होती.

इकडे गावात भलतंच झालं. त्या वर्षी नवी घरं बांधली गेली नाहीत तेवढ्या नव्या चुली मांडल्या गेल्या. गोठ्याच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, पडवीत. ज्या घरात म्हातारं माणूस आजवर नातवंडांच्या पंगतीत बसत होतं, त्या घरातही त्याच्यासमोर एक शेगडी आली. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आमच्या गावात घरोघरी दोन-दोन झाल्या. कमिटी झाकणं उघडून उघडून थकली. आणि सगळेच वेगळ्या चुलीवरचे निघाले तेव्हा पैसे भरणारं कुणी उरलंच नाही. पुन्हा ग्रामसभा झाली. मी गेलो नाही. सेवा बंद झाली, एवढं कळलं. उपसरपंच म्हणाला म्हणे, "लोकायलेच नको हाय तं आपण काय करावं?"

शेवटच्या दिवशी सेवा करणारी बाई आली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. तिने आईचे केस धुतले, वेणी घातली, आणि वेणी घालून झाल्यावरही बराच वेळ आईच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. "आजी, येईन मी भेटाले," म्हणाली. आली असेलही एखाद्या वेळी. तिला पोटासाठी दुसरीकडे काम पाहावंच लागणार होतं, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आता मागच्या चुलीचं कारणच उरलं नव्हतं. भाऊ संध्याकाळी आला आणि आईला म्हणाला, "चला बाप्पा आता पुढं. झालं ते झालं."

"एकदा वेगळी झालेली चूल एक होत नसते," आई म्हणाली. "तू तुह्या घरी सुखात राह्य."

त्याने फार आग्रह केला नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आमच्या जुन्या खोलीत आता साखरेची पोती, तेलाचे पिपे छतापर्यंत लागले होते, पुढच्या दुकानात मोकळी जागा झाली होती, माणसांना हिंडता-फिरता येत होतं. "जागा रिकामी करतो, मग पाहू," तो म्हणाला. वहिनी पुन्हा भिंतीला टेकून श्वास घ्यायला लागली, सकाळी आम्हा दोघांचं करून. माझी आंघोळ दिवसाआड झाली, मग आठवड्यातून दोनदा. आईच्या पाठीला जखम झाली. ती जखम भरली नाही.

थंडीत एका सकाळी भाऊ मला शेगडीजवळ बसवून गेला, मी चहा ठेवला आणि आईला हाक मारली. तिने ओ दिली नाही. चहा उकळून उकळून आटला तरी मी हाकाच मारत होतो, कारण उठून तिच्याजवळ जायला मला जमत नव्हतं. वहिनी आली तेव्हा तिने आधी शेगडी बंद केली.

सुतकात मी पुढच्या घरात होतो. मला सगळ्यांत बसवलं, सगळ्यांबरोबर वाढलं. नातलगांनी आणलेलं जेवण आम्ही एकाच पातेल्यातून खाल्लं. आलेल्या प्रत्येकाला भाऊ आईचं तेच वाक्य सांगायचा, दोन पोरं पण चूल एक, आणि रडायचा. मला त्याचा राग आला नाही. मीही रडलो. एका दुपारी लोक नसताना तो माझ्या शेजारी बसला, माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आता मागं कायले राहतं एकटा? तेरवी होऊ दे, पोते हलवतो."

किती साधं वाक्य! पण मी त्या वाक्यावर ते सगळे दिवस काढले. आई गेल्याचं दुःख होतंच, आणि त्याच्या आत कुठेतरी लाज वाटावी असा आनंदही होता, की मी परत घरात येणार. आईने जे जपलं आणि जे तिच्या डोळ्यांसमोर मोडलं, ते तिच्या मागे तरी पुन्हा सांधलं जाणार.

तेरवीच्या दिवशी पहाटेपासून मांडवात कढया चढल्या. माझे धुतलेले कपडे मागच्या खोलीत होते, म्हणून मला तिकडे नेऊन बसवलं. तेरवीला आलेल्या एका चुलत पुतण्याने कपडे घालून दिले आणि तो गर्दीत पळाला. मी शेगडीवर माझ्यापुरता चहा ठेवला. पुढून भांड्यांचा आवाज येत होता, भाऊ कुणाला तरी मोठ्याने सांगत होता, "पूर्ण गावाले सांग. एकही चूल सुटली नाई पाह्यजे. माह्या मायची तेरवी हाय!" त्याच्या आवाजात आईचाच तोरा होता, आणि मला तो ऐकून बरं वाटलं.

थोड्या वेळाने आवतन सांगणाऱ्या म्हाताऱ्याची काठी वाजली. आमच्या पुढच्या दारात तो थांबला नाही, तिथे थांबायचं कारणच नव्हतं, जेवण त्याच घरचं होतं. काठीचा आवाज घराला वळसा घालून परसात आला. मला वाटलं, पाणी प्यायला आला असेल.

तो माझ्या दारात उभा राहिला. आत रिकामी खाट, जमिनीवर शेगडी, शेगडीजवळ मी. त्याने हे सगळं नीट पाहिलं. वाईट माणूस नाही तो. आईला तो वहिनी म्हणायचा, ती गेली त्या दिवशी ओक्साबोक्शी रडला होता. पण जिथे चूल पेटलेली दिसते तिथे सांगायचं, हे त्याचं काम, आणि एकही सुटू द्यायची नाही असं त्याला बजावलेलं होतं. त्याने काठी टेकली, घसा साफ केला आणि सगळ्या गावाला सांगतो त्याच आवाजात मला सांगितलं,

"आज मोठ्या भावाच्या घरी तेरवीचं जेवण हाय, भाऊ. चूलबंद हो!"

आवतनाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. मी म्हटलं, "येतो." आणि हात लांब करून शेगडी बंद केली.